सह्याद्रीतल्या वाटांसाठी: बांधलेली आरएक्स की केएलएक्स?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात राहतो, वय ३४, उंची पाच फूट सहा इंच, वजन ६४ किलो. दोन-तीन वर्षं हिरोच्या एक्सपल्स २०० ४व्हीवर मुळशी, वेल्हे, भोर भागातले कच्चे रस्ते फिरलो. आता गाडीवाट सोडून अरुंद पाऊलवाटांवर आणि ओढ्यांत उतरायचं आहे, तिथे एक्सपल्स जड पडते. एका ओळखीच्याकडे यामाहाची जुनी टू-स्ट्रोक आरएक्स १३५, डर्टसाठी फेरफार करून बांधलेली, विकाऊ आहे. दुसरा पर्याय कावासाकीची फोर-स्ट्रोक केएलएक्स २३०. अमेरिकेतला चुलत भाऊ म्हणतो, 'डोळे मिटून टू-स्ट्रोक घे, हलकी असते आणि इंजिनाचं काम निघालं तरी स्वस्तात होतं.' काय करू?

निकाल आधी सांगतो. आरएक्स सोडा, केएलएक्स घ्या. तेवढे पैसे आत्ता बाजूला नसतील तर नवीन काहीच घेऊ नका, दारातल्या एक्सपल्सचं वजन उतरवा आणि टायर बदला. टू-स्ट्रोकशी माझं वाकडं नाही. मी आरएक्सवरच शिकलो, आणि नवीन पोरांचा क्लचवर हात बसवायला अजूनही मला तीच गाडी आवडते. पण टू-स्ट्रोक चांगली की फोर-स्ट्रोक, हा तुमच्यापुढचा प्रश्नच नाही. समोर ज्या दोन गाड्या उभ्या आहेत त्यांतली कोणती घ्यायची, एवढंच ठरवायचं आहे, आणि तिथे भावाचा सल्ला गैरलागू होतो.

भाऊ खोटं सांगत नाही. त्याच्याकडच्या शोरूममध्ये 'हलकी टू-स्ट्रोक' म्हणून जे उभं असतं ते म्हणजे केटीएम ३०० एक्ससी-डब्ल्यू, बीटा एक्सट्रेनर, नाहीतर यामाहा वायझेड १२५ एक्स. पेट्रोल न भरता शंभर किलोच्या आसपास वजन, पुढे २१ इंची चाक, फूटभराच्या जवळ जाणारी सस्पेन्शनची चाल, आणि मुळातच अशा कामासाठी घडवलेली फ्रेम. ऑस्ट्रियात एर्झबर्गच्या लोखंडाच्या खाणीत होणारी हार्ड एंड्युरो शर्यत मानुएल लेटेनबिखलरने २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग जिंकली, तीही ३०० सीसीच्या टू-स्ट्रोकवर. दगडांच्या राशीत टू-स्ट्रोकला तोड नाही ही ख्याती असल्या गाड्यांनी कमावलेली आहे. आपल्याकडे ती आरएक्सच्या खात्यावर जमा होते, ही गडबड आहे.

आपल्या शोरूममध्ये मोठ्या माणसाच्या मापाची तशी टू-स्ट्रोक नाहीच. केटीएमने नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑफ-रोड गाड्यांची मोठी मालिका भारतात आणली, त्यात टू-स्ट्रोक होत्या त्या ५०, ६५ आणि ८५ एसएक्स, म्हणजे लहान मुलांच्या. मोठ्यांसाठी ३५० ईएक्ससी-एफ आली ती फोर-स्ट्रोक, किंमत तेव्हा १२.९६ लाख, आणि रस्त्यावर चालवायची परवानगी नाही.

इंजिनाचा स्वभाव बघू. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) प्रत्येक फेऱ्याला इंधन पेटतं, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा. त्यामुळे तेवढ्याच सीसीत टू-स्ट्रोक जास्त ताकद काढते, आणि वर कॅम, व्हॉल्व्ह, टायमिंग चेन नसल्याने हेडही हलकं राहतं. भावाच्या ३०० सीसीच्या इंजिनात पॉवर व्हॉल्व्ह असतो. आरपीएमप्रमाणे एक्झॉस्ट पोर्टची (धूर बाहेर जाणाऱ्या भोकाची) उंची तो कमी-जास्त करतो, म्हणून ते इंजिन अगदी खालूनही ओढतं आणि वरही पळतं. आरएक्स १३५ चं इंजिन १३२ सीसीचं. चार गिअरच्या गाडीला १२ पीएस, पाच गिअरच्या गाडीला १४. पॉवर व्हॉल्व्ह नाही. जी काही ताकद आहे ती वरच्या आरपीएमला. त्यात बांधणाऱ्याने पोर्ट कोरून एक्स्पान्शन चेंबर (टू-स्ट्रोकचा फुगीर पोटाचा एक्झॉस्ट पाइप) लावला असेल, आणि तो लावलेला असतोच, तर ती ताकद आणखी वर सरकते आणि तिचा पट्टा आणखी अरुंद होतो. गावच्या डर्ट ट्रॅकवर हे बरोबरच आहे, तिथे रेस सोडायचीच नसते. तुम्हाला जायचंय ती जागा वेगळी आहे.

पावसाळ्यात ओढ्यातून बाहेर पडायचंय असं धरा. समोर गुडघाभर उंचीची कातळाची पायरी, तिच्यावर शेवाळ, मागचं चाक गोट्यांत रुतलेलं, वेग घ्यायला जागा नाही. केएलएक्सवर पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धवट सोडून रेस पाव उघडी ठेवली की चाक दमाने फिरतं आणि टायर दगडाला धरतो. आरएक्सवर पाव रेसला इंजिन घुसमटतं. अर्धी उघडली की एकदम जोर येतो, चाक जागीच गरगरतं आणि गाडी आडवी जाते. या दोन्हींच्या मधलं जे काही हवंय ते तुम्ही क्लचवरच्या एका बोटाने तयार करायचं असतं. ज्याचा हात बसलाय तो ते सहज करतो आणि बघणाऱ्याला वाटतं गाडीच भारी आहे. तुमची दोन-तीन वर्षं एक्सपल्सवर गेली, आणि ती गाडी चालवणाऱ्याचं बरंच काही पोटात घालते. क्लचचं हे काम तुमच्याकडून अजून करून घेतलं गेलेलं नाही. ते शिकायला हरकत नाही, पण ओढ्यात, एकट्याने, शिकू नये.

आता वजन, कारण तुमची मूळ तक्रार ती आहे आणि ती रास्त आहे. एक्सपल्स २०० ४व्ही पेट्रोलसकट १५८ किलोच्या घरात, केएलएक्स २३० १३९ किलो, कंपनीतून आलेली आरएक्स शंभराच्या जरा वर. बांधलेल्या आरएक्सचं वजन मात्र सहसा कोणी केलेलं नसतं. फ्रेमला पट्ट्या मारलेल्या, दुसऱ्या जाड गाडीचे फोर्क बसवलेले, स्विंगआर्म लांबवलेला, रिम बदललेल्या; हे सगळं तोलात येतं. तरी ती तिघींत हलकीच राहील, हे मान्य.

पण वजन चालवताना कमी आणि उचलताना जास्त कळतं. पाऊलवाटेवर सकाळी पहिल्यांदा पडलात तर काही वाटत नाही. दुपारी दोनला, घामाने हातमोजे भिजलेले असताना, उतारावर चाकं वर आणि हँडल खाली अशी पडलेली गाडी उचलायची तेव्हा १५८ आणि १३९ मधला फरक कंबरेला कळतो. (अशी पडली तर सरळ उचलायला जाऊ नका. गाडी तशीच जमिनीवर फिरवा, चाकं उताराकडे येऊ द्या, पुढचा ब्रेक दाबून धरा आणि मग हँडलने उभी करा. निम्मी ताकद वाचते.) तुमच्या ६४ किलोच्या अंगाला १३९ झेपेल. १५८ सुद्धा झेपेल, पण दिवसातून थोड्याच वेळा.

उंचीचा मुद्दा वजनाइतकाच मोठा आहे आणि तो कोणी विचारत नाही. केएलएक्सची सीट ८८० मिलिमीटर. पाच फूट सहा इंचाला दोन्ही पाय टेकणार नाहीत, चवडाच टेकेल. आडव्या उतारावर खालच्या बाजूचा पाय जमिनीला पोचला नाही तर गाडी कितीही हलकी असो, जाते. सस्पेन्शन बसल्यावर थोडं दबतं, सीटच्या फोमचा पातळ काप काढून घेता येतो, आणि वरच्या बाजूला पाय टेकायची सवय लावून घ्यावी लागते. रॅली किट (उंच सस्पेन्शनचा संच) लावलेल्या एक्सपल्सची सीट ८९० च्या घरात जाते, म्हणजे तुमच्यासाठी ते किट उलट काम करेल. साधी एक्सपल्स ८२५ आहे, तीच ठेवा.

किकचंही सांगायला हवं. आरएक्सला बटणस्टार्ट नाही, किक उजवीकडे. उजवीकडे दरी असलेल्या अरुंद वाटेवर गाडी बंद पडली की किक मारायला पायाखाली जमीनच सापडत नाही. मग गाडी ढकलत मागे न्या, जागा शोधा. वर टू-स्ट्रोक आडवी पडली की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल क्रँककेसमध्ये उतरतं आणि इंजिन फ्लड होतं. पेट्रोलचा कॉक बंद, रेस पूर्ण उघडी, आणि पेटेपर्यंत किक. नाहीतर प्लग काढून पुसा, खिशातला दुसरा लावा. हे जमतं, त्यात गंमतही आहे, पण भर उन्हात ती लवकर संपते. एक्सपल्स आणि केएलएक्स दोन्ही फ्युएल इंजेक्शनच्या, बटण दाबा आणि निघा.

एका बाबतीत मी टू-स्ट्रोकचाच पक्ष घेईन: पाणी. ओढ्यात इंजिन पाणी प्यालं तर टू-स्ट्रोकचा प्लग काढा, गाडी उलटी करा, किक मारून पाणी बाहेर फेका, बहुतेक वेळा अर्ध्या तासात सुरू होते. गिअरचं ऑइल वेगळ्या कप्प्यात असतं, ते तपासलं की झालं. फोर-स्ट्रोकमध्ये तेच पाणी इंजिन ऑइलमध्ये मिसळतं, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसायला लागतं, आणि तशी गाडी चालवली तर बेअरिंग जातात. तिथे मुकाट्याने गाडी ओढून आणायची, ऑइल एक-दोनदा बदलायचं. म्हणून फोर-स्ट्रोकवर ओढा पार करण्याआधी एअर फिल्टरचं तोंड कुठे आहे ते माहीत हवं, आणि पाणी त्याच्या वर असेल तर चालत बघून यायचं.

उतारावर चित्र उलटं होतं. घसाऱ्यावरून उतरताना फोर-स्ट्रोक इंजिनाने गाडी अडवून धरते, तुम्ही मागचा ब्रेक हलका ठेवून खाली येता. टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग नसल्यात जमा, गाडी सुटल्यासारखी धावते आणि सगळा भार ब्रेकवर. तयार माणसाला हे आवडतं, कारण मागचं चाक लॉक होत नाही आणि गाडी हवी तशी वळवता येते. पण आरएक्सला दोन्हीकडे ड्रम ब्रेक. भिजले की पहिली काही मिनिटं ते नावालाच असतात.

यापेक्षा मोठी भानगड इंजिनाच्या आत होते. टू-स्ट्रोकच्या क्रँकला आणि पिस्टनला ऑइल पेट्रोलबरोबर मिळतं. लांब उतारावर रेस बंद ठेवून गिअरमध्ये उतरत राहिलात तर इंजिन फिरतंय, पण पेट्रोल जवळजवळ जात नाही, म्हणजे ऑइलही नाही. कंपनीच्या आरएक्सला ऑइल पंप होता, तो आरपीएमप्रमाणे थोडं तरी सोडायचा. बांधलेल्या गाड्यांत तो बहुतेकदा काढून टाकलेला असतो आणि टाकीत मिश्रण घालतात. अशा गाडीवर वरंध किंवा ताम्हिणीसारखा अखंड उतार रेस बंद करून उतरणं म्हणजे पिस्टन जाम करायचं आमंत्रण. अधूनमधून क्लच दाबून एक झटका रेस द्यायची, ही सवय लागते. हे विकणारा सांगत नाही, कारण ट्रॅकवर असा उतार नसतो.

मिश्रणावरून आठवलं. पेट्रोलपंपावर आता मिळतं ते ई२०. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, म्हणून कार्ब्युरेटरच्या जुन्याच जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या छिद्रावर) गाडी लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त अशी, चालते, पिस्टनचा माथा तापतो. मेन जेट वाढवून प्लगचा रंग बघत राहावं लागतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, त्यामुळे कॅनमध्ये केलेलं मिश्रण आठवडेच्या आठवडे ठेवायचं नाही, आणि कार्ब्युरेटरमधली जुनी रबरं फुगतात ती वेगळीच. शिवाय वेल्ह्याच्या पुढे पेट्रोल संपलं तर बाटलीत मिळेल, सोबत टू-टी ऑइल मिळेलच असं नाही. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली; ती बाटली नेहमी तुमच्याच बॅगेत.

'काम स्वस्तात होतं' हा भावाचा दुसरा मुद्दा. परदेशात तो शंभर टक्के खरा आहे. तिथल्या रेसिंग फोर-स्ट्रोकचा एक व्हॉल्व्ह तुटला तर हेड, पिस्टन, क्रँक सगळं जातं आणि बिल डोळे पांढरे करतं. टू-स्ट्रोकचा पिस्टन-रिंगचा संच मालक स्वतः घराच्या गॅरेजमध्ये बदलतो. पण केएलएक्स आणि एक्सपल्स या रेसिंग फोर-स्ट्रोक नाहीतच. कमी ताणावर चालणारी साधी इंजिनं आहेत ती. वेळेवर ऑइल, फिल्टर धुणं, टॅपेट बघणं, एवढ्यावर वर्षानुवर्षं जातात. उलट आरएक्सचं कारखान्यातलं उत्पादन बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. अस्सल पिस्टन मिळाला तर नशीब, नकली ढिगाने. चांगला बोअर करणारे जुने मिस्त्रीही कमी होत चाललेत. म्हणजे जो हिशेब त्याच्याकडे टू-स्ट्रोकच्या बाजूने झुकतो तोच इकडे फोर-स्ट्रोकच्या बाजूने. कोणी कागदपत्रांशिवाय 'इम्पोर्टेड २५० टू-स्ट्रोक' दाखवली तर त्या वाटेला जाऊ नका. तिचा पिस्टन भाऊ बॅगेतून आणेलही, पण आरसी बॅगेतून येत नाही.

कायद्याचं थोडक्यात. तुम्हाला गाडी घरून चालवत नेऊन वाटेवर उतरायचं आहे, पिकअपमध्ये टाकून नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम परवानगीशिवाय गाडीच्या रचनेत केलेले बदल मान्य करत नाही. त्यात आरएक्स १५ वर्षांच्या पुढची, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, तपासणी, पर्यावरण कर. फ्रेम आणि इंजिन नंबर आरसीशी जुळत नसतील तर विषय संपला. आणि कोणतीही गाडी घ्या, ताम्हिणी, भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड या अभयारण्यांत वाटेबाहेर चाक घालायचं नाही. एक्स्पान्शन चेंबरचा आवाज अख्ख्या खोऱ्यात जातो, गुरं उधळतात, आणि पुढच्या रविवारी त्या गावाने वाटेवर काटे टाकलेले असतात. गावकऱ्यांचं यात काही चुकत नाही.

एवढं सांगूनही आरएक्सवर जीव जडला असेल तर निदान बघून घ्या. हेडस्टॉकभोवतीचं (हँडल फ्रेमला बसतं त्या भागाभोवतीचं) वेल्डिंग आणि फूटरेस्टचे माउंट हाताने चाचपून तडे शोधा. पुढचं चाक अजून १८ इंचीच असेल तर गोट्यांच्या फटीत ते अडकणार, २१ वरून सरकतं. ऑइल पंप आहे की काढलाय ते पहिल्याच वाक्यात विचारा. गाडी गरम झाल्यावर पांढरा धूर थांबत नसेल आणि गिअर ऑइलची पातळी उतरत असेल तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील गेलं आहे. रेस सोडल्यावरही आरपीएम टांगलेलाच राहत असेल तर कुठूनतरी हवा आत शिरते आहे, बहुधा मॅग्नेटोच्या बाजूने, आणि ती गाडी पिस्टन खाणार. मॅग्नेटो काढून कनेक्टिंग रॉडचा वरखाली खेळ बघू देत नसेल तर चहा पिऊन घरी या. ही सगळी परीक्षा पास झाली तर दुसरी गाडी म्हणून, ट्रॅकसाठी, जरूर घ्या. तिच्यावर क्लच शिकलात तर केएलएक्सवर तुम्ही वेगळेच दिसाल.

एक्सपल्स हलकी करायची तर फुकटातलं आधी. टाकी १३ लिटरची आहे, पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या जवळपास. दिवसभराच्या फेरीला निम्मी टाकी पुरते, पाच किलो तिथेच गेले, तेही वरच्या बाजूचे, जे हाताला सर्वांत जास्त जाणवतात. मागचं कॅरिअर, क्रॅशगार्डचा जाड पिंजरा, बॉक्स काढा. नंबरप्लेट आणि आरसे राहू द्या. बेली पॅन (इंजिनाखालचं कवच) मात्र काढायचा नाही. पुढचं स्प्रॉकेट एक दात कमी करा, पहिला गिअर चालण्याच्या वेगाला येईल आणि क्लच कमी जळेल. मग खऱ्या खोल गुट्ट्यांचे टायर. एवढ्यानेच तुमची निम्मी तक्रार मिटेल असा माझा अंदाज आहे, कारण 'जड वाटते' म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची गाडी प्रत्यक्षात घसरत असते.

केएलएक्सची किंमत आली तेव्हा तीन लाखांच्या वर होती, नंतर बरीच खाली आली. शोरूममध्ये आजचा आकडा विचारा. बुकिंगआधी डेमो गाडीवर रायडिंग बूट घालूनच बसा, साध्या बुटांनी उंचीचा अंदाज चुकतो. डीलर तयार असेल तर मऊ जागी गाडी आडवी करून एकट्याने उचलून बघा, दोन्ही बाजूंनी. घेतल्यावर वाटेवर जाताना टायरची हवा पुढे १६, मागे १५ पीएसआयवर आणा. रिमलॉक (टायर रिमला आवळून धरणारा चिमटा) नसताना त्याखाली गेलात तर टायर रिमवर फिरून ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो. परत डांबरावर यायच्या आधी भरून घ्या, हातपंप आणि एक जादा २१ इंची ट्यूब सोबत ठेवा. अडीनडीला ती मागच्या १८ च्या चाकातही घालून घरापर्यंत येता येतं.